देवाच्या डोळ्यांचे हरीण

काशिनाथ गेल्याची बातमी आली तेव्हा मी पेणच्या आमच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखत होतो. रोह्याजवळच्या धाटावच्या कंपनीत त्याच्याबरोबर काम करणारे एक गृहस्थ पहिली शिफ्ट संपवून थेट एस.टी.ने आले होते. दारातच उभे राहून म्हणाले, "नाना, काशिनाथ गेला. सकाळी छातीत दुखतंय म्हणाला... दवाखान्यात न्यायला पण वेळ नाय मिळाला." मूर्तीचा उजवा डोळा झाला होता, डावा व्हायचा होता. एक डोळा आखून आमच्याकडे कोणी उठत नाही. मी डावा डोळा पुरा केला, कुंचला धुतला आणि मग उठलो. रोह्याला त्याच्या घरी पोहोचलो तोवर सारे आटोपले होते. "एवढा जिवलग मित्र, पण नानांना कामातून सवड झाली नाही," असे नंतर काही जण बोलले. त्यांना इतकेच सांगतो, की मूर्ती एका डोळ्यावर सोडून आलो असतो, तर काशिनाथने मला कधीही क्षमा केली नसती.

पुढे शोकसभा झाली. एका वक्त्याने त्याला व्यापारी ठरवले. मुंबईच्या शौकिनांना विकण्यासाठी तो जुने दिवे जमवीत असे म्हणे. दुसऱ्याने सांगितले, की मोडक्या दिव्यांना नवा रंग देऊन त्याने त्यांना नवजीवन दिले. तिसऱ्याने मला त्याचा गुरू केले आणि त्याच भरात जाहीर करून टाकले, की ज्यांनी हे दिवे घडवले ते नाना स्वतः ते पुन्हा रंगवतील व मग वाचनालयाच्या सभागृहात त्यांचे प्रदर्शन भरेल. शोकसभेत टाळ्या पडलेल्या मी प्रथमच ऐकल्या. मला कोणी विचारले नव्हते. या तिन्ही गोष्टी खोट्या आहेत, आणि त्या का खोट्या आहेत हे लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो.

हे दिवे कोणते, ते आधी सांगतो. माझ्या तरुणपणी गावोगाव वीज नवी होती. गणपती तेव्हा शाडूचे; हंगाम सरला की हात रिकामे राहू नयेत म्हणून आम्ही प्लास्टरचे टेबलावरचे दिवे करीत असू. झाडाच्या बुंध्याला टेकून बसलेले हरीण, फांदीवरचा पोपट, घागर घेतलेली बाई. वर बल्बचा होल्डर आणि त्यावर कापडी टोपी. रंग गणपतीचेच उरलेले. पुढे प्लास्टिकचे दिवे आले, आमचे माळ्यांवर गेले, आणि खरे सांगायचे तर मीही ते विसरलो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीस एका दुपारी काशिनाथ कारखान्यात आला. मी त्याला ओळखत नव्हतो. जुन्या चादरीत गुंडाळलेले काहीतरी त्याने लहान मूल धरावे तसे छातीशी धरले होते. चादर सोडून त्याने ते माझ्यापुढे ठेवले.

"हे तुमच्याकडचं हाय?"

"कशावरून म्हणता?"

"डोळ्यांवरून. हरणाला गणपतीचे डोळे पेणवाल्याशिवाय कोण देईल?"

मी पाहिले आणि माझे कान तापले. वर्षातले बहुतेक महिने गणपतीचेच डोळे आखणाऱ्या त्या हाताला दुसरे डोळे येतच नव्हते. हरीण माझ्याच हातचे होते. "विकायचं आहे?" मी तुसडेपणाने विचारले.

"नाय. कुणाचं ते विचारायचं होतं. आणि पेणवाले चहा पाजतात का, ते पण बघायचं होतं."

चहा पाजला. तिथून आमची मैत्री आणि भांडण, दोन्ही सुरू झाली.

आता व्यापाराच्या आरोपाविषयी. काशिनाथ कंपनीत वायरमन होता. शिफ्ट सुटली की स्कूटरवरून गावे पालथी घाली, आणि कोणाच्या माळ्यावर दिवा सापडलाच तर त्या घरातली जुनी वायर, बिघडलेली बटणे दुरुस्त करून देई. हीच त्याची किंमत. विकला मात्र त्याने एकही नाही. एकदा मीही त्याच्याबरोबर धरमतरकडे गेलो होतो. मिठागरात उभा जन्म काढलेल्या एका म्हातारीने माळ्यावरून शिंग तुटलेले हरीण उतरवले.

"आजी, मोडकं हरीण इतकी वर्षं कशाला ठेवलंस गो?" काशिनाथने विचारले.

"टाकायला गेलते, तर माझ्याकडंच बघाया लागलं. देवाचे डोळे हायत त्याचे. उकिरड्यात कसं टाकू?" मग तिने त्यालाच दरडावले, "तू काय करशील त्याचं?"

"लावीन."

"मग ने. पण अंधारात ठेवू नको."

त्याने तो शब्द पाळला. रोह्याच्या घरी पुढच्या खोलीत फळ्यांवर सगळे दिवे मांडलेले असत आणि कामावरून आला की हातपाय धुऊन तो रोज एकेक लावी. माझ्या ज्या चुकीने मला शरम वाटली होती, तिनेच हे दिवे उकिरड्यापासून वाचवले होते.

आणि रंगाचे म्हणाल, तर काशिनाथने कुंचला कधी हातात धरलाच नाही. उलट मीच एकदा रंग घेऊन रोह्याला गेलो. म्हटले, हरणाला हरणाचे डोळे देऊन टाकू. कुंचला टेकवणार तोच त्याने माझे मनगट धरले.

"नाना, हात नका लावू."

"माझं हरीण आहे. माझी चूक मी सुधारतोय."

"तुमचं होतं. आता माझं हाय."

"अरे, आज मी याहून दसपट चांगले डोळे काढीन."

"काढाल ना. पण ते आत्ताचे नाना काढतील. हे ज्या पोरानं काढलेत, त्याला मी कुठं शोधू?"

आतून सुमनवहिनींचा, म्हणजे त्याच्या पत्नीचा आवाज आला, "भांडण संपलं असेल तर चहा टाकते. चालू असेल तर थांबते."

मी चहा न घेता निघालो आणि कित्येक महिने बोललो नाही. गणेश चतुर्थीच्या आधी तो नेहमीप्रमाणे घरची मूर्ती न्यायला आला. मूर्ती निरखून त्याने दरवर्षीचाच प्रश्न विचारला, "गेल्या सालासारखेच डोळे हायत ना?" भांडण तिथेच मिटले. मी हरलो असे मात्र कोणी समजू नये. हरणाचे डोळे तसे नसतात, हे माझे मत आजही कायम आहे.

पण आमच्या धंद्यात केलेले सारे पाण्यात जाते. तेच योग्य, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र मूर्तिकाराला मागे वळून पाहायला काही उरत नाही... मला उरले. माझा पंचविशीतला हात, त्याची घाई, त्याचा भाबडेपणा, हे सारे त्या खोलीत फळ्यांवर उजळून बसलेले मी पाहिले. हे भाग्य माझ्या वडिलांना लाभले नाही, आजोबांना लाभले नाही. मला ते एका वायरमनने दिले. गुरू कोण होता, हे आता वाचकांनीच ठरवावे.

शोकसभेनंतर मी रोह्याला गेलो, तेव्हा खोलीत रंगाचे डबे येऊन पडले होते. वहिनी म्हणाल्या, "नाना, तुमच्याच हातचे दिवे हायत. रंगवायचे तर रंगवा, मी नाय अडवणार." खरेच, आता मनगट धरणारे कोणी नव्हते. मी खिशातला रुमाल काढला, हरणावरची धूळ पुसली आणि बटण दाबले. प्रदर्शन भरेल ते याच रंगांत. डबे ज्यांनी पाठवले, त्यांनी ते परत न्यावेत.

यंदा गणपती आणायचा की नाही, यावर त्या घरात बराच खल झाला. वहिनी म्हणाल्या, आणायचा. त्यांच्यासाठी मी बातमीच्या दिवसाची मूर्ती काढून ठेवली आहे. तिचा डावा डोळा उजव्याहून किंचित जड उतरला आहे. आमच्या कारागिराने विचारले, "नाना, जरा सारखा करून घेऊ?" मी म्हणालो, "हात लावू नको."

ती मूर्ती आता रोह्याला जाईल, हरणाशेजारी बसेल. गेल्या सालासारखेच डोळे आहेत ना, असे विचारणारा यंदा नाही. विचारले असते, तर सांगितले असते... नाहीत. एक तू आहेस असे समजून काढला आणि एक तू गेल्याचे कळल्यावर. दोन्ही तसेच ठेवले आहेत.