कानिफनाथाची मागची ट्रॉली

आमच्या गावात कानिफनाथाला लग्नाला बोलावलं, की तो मांडवात शिरण्याआधी मांडवाला बाहेरून एक चक्कर मारतो. नवरी कशी आहे, जिलेबी आहे की बुंदी, याची त्याला फिकीर नसते. बाहेर कुठून पडायचं, एवढंच त्याला बघायचं असतं. दवाखान्यात गेला तरी डॉक्टरच्या आधी तो मागचं दार शोधतो आणि डॉक्टरला वाटतं, माणूस सुईला भ्यायला. एकदा त्याने बँकेच्या वॉचमनलाच विचारलं, "मागनं बाहेर पडायला वाट हाय का?" मॅनेजरने त्याला खुर्चीत बसवलं, पाणी पाजलं आणि सरपंचाला फोन लावून हा कोण माणूस आहे याची नीट खात्री करून घेतली.

बिचाऱ्याचा दोष नाही. बावीस वर्षं तो ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून चालवतोय. दिवाळीच्या आगेमागे पाथर्डीकडची ऊसतोडीची माणसं संसारासकट श्रीगोंद्याकडच्या कारखान्यावर न्यायची, पाच महिने ऊस ओढायचा आणि उन्हाळा लागला की माणसं परत आणायची. एक ट्रॉली मागे घेता येते. दोन ट्रॉल्यांना मागे घ्यायला गेलं की पहिली डावीकडे तोंड फिरवते, दुसरी उजवीकडे, आणि ट्रॅक्टर मध्ये सापडलेल्या नवऱ्यासारखा गप्प उभा राहतो. त्यामुळे कानिफनाथाच्या लेखी पेट्रोल पंप दोनच जातीचे. एका बाजूने आत घेऊन दुसऱ्या बाजूने सोडणारे, आणि आत घेऊन न सोडणारे. पाथर्डीपासून श्रीगोंद्यापर्यंत कुठल्या पंपावर डिझेल चांगलं मिळतं हे त्याला विचारू नये. कुठे वळण बसतं ते विचारावं, मग तो झोपेतही सांगेल.

"तात्या, तुमी स्वर्गात गेले तरी आधी मागचं गेट बघताल," वैजनाथ म्हणायचा. वैजनाथ हा टोळीतला सगळ्यात तोंडाळ गडी, वय पंचवीस-सव्वीस.

"बघनारच. तुला आत सोडून मी बाहेर निघनार हाय," कानिफनाथ म्हणायचा.

एक गोष्ट मात्र त्याच्यासमोर गमतीतही काढायची सोय नव्हती. पंपाला बाहेरची वाट नसली की बाकीचे ड्रायव्हर मागची ट्रॉली सोडून रस्त्याच्या कडेला ठेवतात. चाकाला दगड लावायचा, पुढची एक ट्रॉली घेऊन आत जायचं, डिझेल भरून यायचं आणि पुन्हा जोडायची. दहा मिनिटांचं काम. सहा वर्षांपूर्वी कानिफनाथानेही ते केलं होतं. ट्रॉली उसाने भरलेली, वेळ दिवेलागणीची, मागे ना दिवा ना चमकणारी पट्टी. तो पंपावर टाकीचं झाकण लावत असताना एक दूधवाला मोटारसायकलसकट त्या ट्रॉलीवर जाऊन आदळला. कानिफनाथ पळत आला तेव्हा ट्रॉलीखालून दूध वाहत होतं आणि माणूस हलत नव्हता. त्यानंतर कानिफनाथाने मागची ट्रॉली रस्त्यावर कधीच सोडली नाही. कुणी "सोड" म्हटलं तर तो भांडत नसे. नुसता ट्रॅक्टरवर जाऊन बसायचा.

यंदा टोळी निघाली तीच उशिरा. मुकादम बजरंग, म्हणजे माणसं जमवून कारखान्यावर नेणारा, सकाळपासून मोटारसायकलवर गावभर फिरत दोन फोनवर एकदम ओरडत होता. गावातल्या पंपावर सगळ्या टोळ्यांचे ट्रॅक्टर लागले होते. "वाटंत भरू," तो म्हणाला. पुढच्या ट्रॉलीत पत्रे, बांबू, बाजरीची पोती आणि त्यांवर गडी. मागच्या ट्रॉलीत बाया, लेकरं, दोन शेळ्या, आणि वैजनाथची आई भागूबाई मांडीवर कोंबडी घेऊन. कानिफनाथाची बायको रतनबाईही तिथेच. अकरा कुटुंबांचं घर असं चाकांवर निघालं.

ट्रॅक्टरचा डिझेलचा काटा कधीच मेला होता. कानिफनाथ टाकीत लिंबाची काडी घालून किती ओली झाली ते बघायचा आणि त्या काडीवर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. करंजीचा घाट चढताना ट्रॅक्टरने डिझेल प्यायलं ते उन्हाळ्यातल्या म्हशीने पाणी प्यावं तसं. वर आल्यावर काडी निम्मीच ओली निघाली. काळजी नव्हती. नगरच्या अलीकडचा पंप त्याचा बावीस वर्षांचा, ऐसपैस, दोन्हीकडून उघडा.

पंप होता, पण रस्ता रुंद करून मधे दुभाजक घातला होता. पंप पलीकडे, ट्रॅक्टर अलीकडे. तिथला ओळखीचा माणूस सासरी निघालेल्या लेकीला निरोप द्यावा तसा पलीकडून हात हलवत राहिला. पुढे वळायला जागा होती, ती कारपुरती. बायपासच्या पंपावर गॅस भरायला आलेल्या रिक्षांनी बाहेरची वाट बुजवली होती. कानिफनाथाने त्या रांगेकडे एकदा पाहिलं आणि पुढे निघाला.

दौंडच्या रस्त्याला लागेपर्यंत ऊन पिवळं झालं होतं. अरणगाव मागे पडलं आणि डावीकडे एक नवाकोरा पंप दिसला. वर पताका, खाली नवी फरशी. पुढच्या ट्रॉलीतल्या गड्यांनी शिट्ट्या मारल्या. कानिफनाथाने रस्त्याच्या कडेच्या चढावर ट्रॅक्टर उभा केला, इंजिन चालू ठेवलं आणि पायी आत गेला. पलीकडच्या तोंडाशी हॉटेलसाठी खड्डा खणलेला होता. आत जायचं त्याच वाटेने बाहेर.

"कॅनमधी द्या पाच लिटर," तो म्हणाला.

"कॅनमधी देत न्हाई. मालकाचा कागद लावलाय बघा."

बजरंग मोटारसायकलवरून उतरला. "कानिफभाऊ, मागची सोड. दहा मिनिटांचं काम."

"न्हाई."

"अरे, मानसं खाली उतरव आन् मग सोड! मोकळ्या ट्रॉलीला काय हुतंय?"

"त्या टायमाला बी ट्रॉलीत कुनी नव्हतं. मानूस बाहेरून आला हुता."

मग त्याने काडी टाकीत घातली. काडी चार बोटं ओली निघाली. "पुढचा पंप आठ किलोमीटर. चार बोटांत दहा जातो," असं म्हणून तो निघाला. बावीस वर्षांत काडी वाचायला तो पहिल्यांदाच चुकला. ट्रॅक्टर चढावर होता, तोंड वर, आणि टाकीचं तोंड मागच्या अंगाला. सगळं डिझेल मागे साठून काडीला चार बोटं दिसलं होतं. खरं दोनही नव्हतं.

चौथ्या किलोमीटरला इंजिनाने खोकला काढला. रस्ता तिथे अरुंद, दोन्हीकडे पाण्याची खोल चारी, बाजूला घ्यायला कड म्हणून नाहीच. डावीकडची चाकं जेमतेम डांबराखाली उतरली आणि ट्रॅक्टर बंद पडला. मागची ट्रॉली अर्ध्याहून जास्त रस्त्यावर, आणि मागच्या वळणावरून येणाऱ्याला ती दिसायची ते अगदी जवळ आल्यावर. सूर्य गेला होता. निघाल्यापासून डुगडुगणारं इंजिन थांबल्यावर एवढं गप्प झालं की शेळीच्या गळ्यातली घंटी ऐकू आली.

ज्या गोष्टीला तो सहा वर्षं भ्यायला, ती त्याने स्वतःच्या हाताने रस्त्यावर आणून ठेवली होती. आणि या वेळी ट्रॉलीत ऊस नव्हता.

बजरंग डिझेल शोधायला मोटारसायकलवरून वस्तीकडे सुटला. कानिफनाथ मागे पळाला. "उतरा समदे! लेकरं घ्या, चारीच्या पल्याड जावा! रानात!"

"आवो तात्या, सामान?" 

"मरू दे सामान!"

"तिकडं काटं हायत, तात्या."

"काटं काढता येत्यात!"

कुरकुर करत बाया उतरल्या. एका ट्रकने वळणावरून येऊन जोरात हॉर्न दिला आणि ट्रॉलीला वळसा घालून गेला. मग कुरकुर जरा कमी झाली. रतनबाईने काही न विचारता भांड्यांच्या पोत्यातून स्टीलची ताटं काढली, सुतळीने ट्रॉलीच्या मागच्या फळीला बांधली आणि वैजनाथला मोबाईलची बॅटरी लावून वळणाच्या अलीकडे उभं केलं. वैजनाथ मोबाईल ओवाळायला लागला. "वरातीत नाचायला न्हाई बोलवलं तुला," रतनबाई ओरडली, "सरळ धर!"

माणसं मोजली. एक कमी. भागूबाई ट्रॉलीतच होती.

"आत्ती, उतरा."

"न्हाई उतरत. गुडघं धरल्यात माझं. एकदा उतरले तर पुन्ना चडायची न्हाई मी."

"मी चडवतो."

"तू काय चडवतो? तुला तुझा ट्रॅक्टर चालवता येईना." कोंबडीसुद्धा तिच्या बाजूने बोलली. "म्हातारीला कोन मारतंय? बस जा तिकडं."

आणखी एक ट्रक गेला. त्याच्या वाऱ्याने ताटं खणखणली. कानिफनाथ ट्रॉलीत चढला आणि म्हातारीच्या शेजारी, वळणाकडे पाठ करून बसला.

"तू का बसला?"

"तुमी उतरत न्हाई तर मी बी न्हाई."

"येडा का खुळा तू? उतर!"

"आत्ती, त्या दूधवाल्याच्या खिशात फोन हुता. मी ट्रॉलीखाली वाकलो तवा वाजत हुता. घरून फोन. वाजून बंद व्हायचा, पुन्ना वाजायचा. मी उचलला न्हाई. काय सांगनार हुतो?" तो हे अगदी बाजारभाव सांगावा तसं म्हणाला. "आज वैजनाथ तिकडं वळनावर उभा हाय. त्याला काय सांगू, ते तुमीच सांगा. मग मी उतरतो."

भागूबाईने कोंबडी त्याच्या हातात दिली. "धर. पंख दाबू नको."

कोंबडी काखेत आणि म्हातारी पाठीवर घेऊन तो चारी ओलांडत होता, तेव्हा वळणावर वैजनाथ ओरडला. एका दिव्याचा ट्रक. दुसरा दिवा फुटलेला, त्यामुळे मोटारसायकल येतेय असं वाटावं. ताटं एकदम पांढरी झाली. ब्रेकचा आवाज एवढा लांबला की रानात उभ्या बायांनी डोळे मिटले. ट्रक तिरका झाला, कर्कश घसरला, ट्रॉलीच्या कोपऱ्यापासून वीतभर अंतराने पुढे गेला, आणि थांबलाच नाही. रबराचा वास तेवढा मागे राहिला. वैजनाथ वळणावरून चालत आला आणि आईजवळ येऊन उभा राहिला. त्याच्या तोंडून शब्द निघत नव्हता, आणि त्याला ओळखणाऱ्यांना ट्रकपेक्षा त्याचीच भीती वाटली.

पुढे पंधरा मिनिटांनी बजरंग कुणाच्या गोठ्यातून पाच लिटरचा कॅन घेऊन आला. कानिफनाथाने डिझेल ओतलं, पाइपातली हवा काढली, आणि तिसऱ्या झटक्याला इंजिन डुगडुगलं.

"चला, चडा," बजरंग म्हणाला.

कुणी हललं नाही.

"अरे, चडा की!"

"आमी फुडल्या ट्रॉलीत बसतो," एक बाई म्हणाली. मग सगळ्याच पुढच्या ट्रॉलीकडे बघायला लागल्या. तिथे पोत्यांवर मांजराला जागा नव्हती. बजरंगने आधी समजूत घातली, मग आवाज चढवला, मग कारखान्याचं नाव घेऊन भीती घातली. भीतीचा त्या संध्याकाळी काही उपयोग नव्हता. तिथे आधीच होती ती त्याने घातलेल्या भीतीपेक्षा मोठी होती. भागूबाई तर रानात दगडावर बसली होती. "म्या सांगितलंच हुतं, पुन्ना चडायची न्हाई म्हनून."

सगळ्यांनी कानिफनाथाकडे पाहिलं. चढा म्हणायचा त्याला धीर होईना.

रतनबाईने पदर खोचला, चाकावर पाय दिला आणि मागच्या ट्रॉलीत जाऊन अगदी शेवटच्या फळीला टेकून बसली. "चला गं," ती म्हणाली, "आता रातभर हितं काय करायचंय?" आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमी फुडं बघून चालवा. माज्याकडं बघू नका."

एकेक बाई चढली. म्हातारीला चौघांनी चढवलं. कानिफनाथ दुसऱ्या गिअरमध्ये निघाला आणि बायकोने सांगितलेलं एक मिनिटही पाळलं नाही. दर वळणावर तो मान मोडून मागे बघायचा. ताटं फळीला तशीच बांधलेली होती.

चारेक किलोमीटरवर उजेड दिसला. पंप. यंदाच रंगवलेला, पुढे चार ट्रक उभे, आणि त्या ट्रकांच्या पलीकडे बाहेरची वाट आहे की नाही ते रस्त्यावरून कळत नव्हतं. कानिफनाथाने होईल तेवढा ट्रॅक्टर कडेला घेतला, इंजिन चालू ठेवलं आणि ती वाट आहे का ते बघायला पायी आत गेला. खड्डा नव्हता, भिंत नव्हती. पलीकडे रुंद, मोकळा, दोन ट्रॉल्या आरामात सुटतील असा रस्ता होता. तो घाईने परत आला.

मागच्या ट्रॉलीत कुणीच नव्हतं. अकरा घरच्या बाया, लेकरं, दोन्ही शेळ्या चारी ओलांडून रानात, अंधारात, गप्प उभ्या होत्या. वैजनाथ मोबाईल सरळ धरून मागे रस्त्यावर उभा होता. कुणी त्यांना उतरा म्हटलं नव्हतं. भागूबाई सुनेच्या खांद्याला धरून, कोंबडी पोटाशी घेऊन, आल्या रस्त्याकडे टक लावून बघत होती.