पाटीखालची दोन भोकं

सायकल वर्कशॉपच्या दारातून बाहेर निघाली तेव्हा मला फ्रेमवरची पितळी पाटी दिसली. मी ओरडलेच, "थांबा!"

इरा, नील, तुमची ही आजी निवृत्तीनंतर जळगावात रफिकभाईंच्या वर्कशॉपसाठी सायकलच्या फ्रेम डिझाइन करते, हे तुम्हाला माहीत आहे. ही फ्रेम शिंदखेड्याच्या सुभाषनानांची. उंची सव्वासहा फूट, वजन एकशे दहा किलो. दुकानातली सायकल त्यांना पुरत नाही. महिनाभर चालवून ते सर्व्हिसिंगला आले होते. दुसऱ्या दिवशी चाळीसगावजवळचा घाट मित्रांबरोबर उतरायचा होता.

पाटीवर रफिकभाईंच्या वडिलांचं नाव होतं. समोरून येणाऱ्याला दिसावी म्हणून ती डाउन ट्यूबच्या खालच्या अंगाला, हँडलच्या मानेलगत लावलेली.

"कशी बसवलीत?" मी रफिकभाईंना विचारलं.

"दोन रिव्हेट, ताई. एवढीशी भोकं. त्याने काय होतंय?"

डाउन ट्यूब म्हणजे हँडलच्या मानेपासून पेडलपर्यंत येणारी तिरकी नळी. स्वाराच्या वजनाने ती ताणली जाते, पुढचा ब्रेक लावला की उलट दाबली जाते. मानेजवळ हा जोर सर्वांत जास्त. तिथे भोक असलं की जोर भोकाच्या काठावर गोळा होतो. कापडवाला कात्रीने छोटी चीर देतो आणि मग हाताने टर्रकन फाडतो, तसं.

"अक्का, सायकल मस्त शे," नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "बठ्ठा मित्र वाट देखी ऱ्हायनात. मी हळूच उतरसू."

"हळू उतरायचं म्हणजे ब्रेकच लावायचा ना, नाना?"

रफिकभाई चिडले. "महिनाभर चालली की! अब्बांचं नाव उखडू?"

"उखडा."

त्यांनी रिव्हेट काढले, रंग खरवडला. मी लाल डाय लावला. हा पातळ रंग भेगेत शिरतो. दहा मिनिटं थांबायचं असतं. मग डाय पुसून वर पांढरा डेव्हलपर फवारला. भेगेत उरलेला रंग तो बाहेर ओढतो.

एका भोकापासून केसाएवढी लाल रेघ उमटली.

नाना स्टूल ओढून बसले.

"वेल्डने भरून देतो," रफिकभाई हळू आवाजात म्हणाले.

"नको. पातळ नळी पुन्हा तापली की तिथेच कमजोर होईल. नळीच बदला."

नानांनी मित्राला फोन लावला. "तुम्ही जा रे. मनी सायकल दवाखानामा शे."

नळी बदलली. पंधरा दिवसांनी नाना त्याच सायकलवर घाट उतरून आले.

माझ्या ड्रॉइंगमध्ये नळ्यांची जाडी होती, सांध्यांचे कोन होते. पाटीची जागा नव्हती, म्हणून रफिकभाईंनी ती स्वतः शोधली. कारागीर आपल्या घरचं नाव लावणारच. आता प्रत्येक ड्रॉइंगवर मी आधी पाटी आखते: सीटखालच्या नळीवर, भोक न पाडता पट्ट्याने आवळलेली.