त्या ग्रहावर मेंढरं नव्हती

वरच्या खोलीतली भाडेकरू मुलगी दिवाळीला नांदेडला निघाली आणि जाता जाता एक जाडजूड कादंबरी माझ्या हातात ठेवून गेली. "काकू, अंतराळातली आहे, पण प्रेमाची आहे. वाचाच." आयटी पार्कशेजारच्या आमच्या माण गावात खोल्या भाड्याने द्यायला लागल्यापासून या आयटीतल्या पोरी माझ्याकडे काय काय सांभाळायला देतात. तुळशीच्या कुंड्या, कुकर, एकदा तर मांजर. पुस्तक मात्र पहिल्यांदाच आलं.

अंतराळ हा काही माझा प्रांत नाही. यंत्रं आणि किरणं सुरू झाली की मी सरळ पानं उलटते. पण इथे पहिल्याच पानावर नायिका मातीत हात घालून बसलेली. कुठल्याशा दूरच्या ग्रहावर, काचेच्या छताखाली, मेलेली माती जिवंत करायला तिला पाठवलेलं. तिचा माणूस यान चालवणारा. तो भांडून उलट्या दिशेला निघून गेलेला. तिचा निरोप त्याला पोचायला कित्येक वर्षं, आणि त्याचं उत्तर परत यायला त्याहून जास्त. तिनं एकच प्रश्न पाठवला, परत येशील का? आणि पदर खोचून कामाला लागली. पदर आपला माझा, ती बिचारी अंतराळातल्या पोशाखात होती.

प्रश्न विचारून वाट बघत बसणं मला नवीन नव्हतं. आमची बहुतेक जमीन केव्हाच गेली, तिच्यावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्याच पैशातून या खोल्या झाल्या. उरला होता तो विहिरीजवळचा भाताचा तुकडा. त्यासाठी एका बिल्डरचा माणूस सारखा चकरा मारत होता. दसऱ्याला मी आमच्या ह्यांना विचारलं, "हा तरी ठेवायचा ना?" हे म्हणाले, "बघू." मला तो तुकडा हवा होता. तिथे गेलं की मी कोणाची घरमालकीण नसते, नळाच्या आणि पार्किंगच्या तक्रारी तिथवर येत नाहीत.

दिवाळी झाली आणि ह्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. टीव्ही बंद, मोबाइल बंद. दुपारी डोळ्यात थेंब घातले की हे पलंगावर पडून राहायचे आणि मी शेजारी बसून वाचायची. नुसतं पडून यांचा जीव कंटाळतोय हे दिसत होतं, म्हणून मी मोठ्यानं वाचायला लागले.

"कसलं येडं पुस्तक हाय," हे पहिल्या दिवशी म्हणाले. दुसऱ्या दिवशी जेवण होतंय न होतंय तोच विचारलं, "ती बाई कुटवर आली?"

ज्यानं कोणी हे पुस्तक लिहिलंय, त्याला संसार ठाऊक आहे, हे मला तेव्हाच पटलं. सबंध कादंबरीत प्रेम हा शब्द मला कुठे सापडला नाही. नायिका फक्त भिंतीवरचं एक घड्याळ त्याच्या यानाच्या वेळेवर लावून ठेवते. त्याच्यावर चिडलेली असते, तरी रोज त्या घड्याळाकडे बघते आणि म्हणते, आता जेवला असेल. बस्स, एवढंच. मी दोनदा वाचलं ते. मधलं इंजिनाचं प्रकरण रटाळ आहे, तेही सांगून टाकते. तिथे हे घोरायला लागले आणि मलाही डुलकी लागली.

मग तिनं पेरलेलं सगळं जळून जातं. ते पान मी थांबत थांबत वाचलं. हे छताकडे बघत म्हणाले, "मेंढरं बसवायची की."

आमच्याकडे भात निघाला की कोकणात उतरणारे धनगर वाटेतल्या शेतांत कळप मुक्कामाला बसवतात. लेंडीखतानं जमीन सुधारते, आणि शेतकरी त्यांना धान्य देतो.

"अहो, तिथे श्वास घ्यायला हवा नाही, मेंढरं कुठून आणायची?"

"माणसं न्हेली न्हवं येवढ्या लांब? मग येक कळप न्हेता येत न्हाई व्हय?"

मला हसू आवरेना. पुढे मात्र नायिका कचरा कुजवूनच माती करते, तेव्हा खताचा सल्ला आपणच दिल्यासारखा यांचा चेहरा झाला होता.

शेवटून दुसऱ्या प्रकरणात तो क्षण आला. उत्तर यायला अजून कितीतरी वर्षं बाकी असताना तिच्या यंत्रावर एक खूण उमटते. त्याचं यान वळलंय. तिचा प्रश्न अजून वाटेतच असताना तो निघालाय. मी पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं. हे म्हणाले, "थेंब घालायची येळ झाली." झाली नव्हती.

माझं डोकंच फिरलं. "बघा, तिकडे आकाशातून कळवतात माणसं. इथे शेजारी बसून नुसतं ‘बघू’." हे कुशीवर वळले. मी पुस्तक फडताळात ठेवून दिलं. शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलं.

दोन दिवसांनी सकाळी कुत्री भुंकायला लागली. बघते तर विहिरीजवळच्या तुकड्यात मेंढरं, आणि धनगरीण तीन दगडांची चूल मांडतेय.

"यंदा इकडे कशा? आम्ही तर कोणी बोलावलं नव्हतं," मी म्हटलं.

"मालकांचा फोन आलता की, दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी. म्हनले, आंदा आमच्या हिरीवरच बसा. फुडच्या साली भात लई चांगला घ्यायचाय."

विकायच्या जमिनीत कोणी मेंढरं बसवत नाही.

घरी आले तर हे काळा चष्मा लावून दारात उभे. "आली का मेंढरं?"

"आली. मला सांगायला काय झालं होतं?"

"तू इचारलंस, मी केलं. आनि काय सांगायचं?"

धनगरणीला द्यायला मी सुपात तांदूळ काढायला बसले. डोळ्यांत पाणी यायला लागलं, म्हणून मान वर केली नाही. हे उंबऱ्यात टेकले. मग विचारलं, "त्यो यानवाला पोचला का गं शेवटी?"

"पोचला," मी म्हटलं. पुस्तक अजून फडताळातच होतं.