टॉवेलांच्या गठ्ठ्यावरची शाळा

माझा धाकटा भाऊ अमरेश यानं आपल्या मुलीला शाळेतून काढून घरी बसवलं, तेव्हा मी त्याच्याशी पंधरवडाभर बोलले नाही. मी स्वतः दुसरीच्या वर्गाला शिकवते. आमच्या भागातल्या किती पोरांना मी त्यांच्या आयांशी भांडून शाळेत आणलंय, आणि माझ्या सख्ख्या भावाची पोरगी शुक्रवार पेठेत घरी बसून टॉवेलांच्या घड्या घालणार? नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या.

अमरेशचा धंदा तोच. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या मागांवरून उतरलेले टॉवेल टेम्पोनं त्याच्या घरी येतात. पुढच्या खोलीत बसून त्यांच्या घड्या घालायच्या, लेबलं चिकटवायची, डझनाडझनाचे गठ्ठे बांधायचे आणि परत टेम्पोत चढवायचे. वडिलांच्या हाताखाली लहानपणापासून तो हेच करत आला. बायको शिवानी बँकेत असते, सकाळी डबा घेऊन बाहेर पडते ती दिवेलागणीलाच घरी येते. त्यामुळे दिवसभर मुलांजवळ अमरेशच. त्याला भाकरी सोडून सगळा स्वयंपाक येतो, मोठ्यानं गाणी म्हणतो आणि ती बेसूर असतात हे त्याला कुणी सांगत नाही. रागावता मात्र अजिबात येत नाही. आमच्या घरातला सगळा राग माझ्याच वाट्याला आला असावा.

त्याची थोरली सिद्धी, म्हणजे सिद्धेश्वरी, पहिलीत होती तेव्हा रोज सकाळी तिच्या पोटात दुखायचं. रविवारी दुखत नसे. डॉक्टर झाले, ओवा झाला, दृष्टसुद्धा काढून झाली. शेवटी एक दिवस हा तिला गाडीवरून शाळेपर्यंत घेऊन गेला आणि तसाच परत घेऊन आला.

"अक्का, फाटकापाशी तिनं माझं बोट असं धरलं की मला सोडवंचना," तो म्हणाला.

"म्हणून शाळा बंद?" मी म्हटलं. "माझ्या वर्गातली निम्मी पोरं जूनमध्ये रडतात. त्यांचे बाप काय बोटं कापून देतात?"

शिवानीही खूश नव्हती. पण ती हिशेबी बाई आहे, तिनं भांडण न करता अट घातली. एक वर्ष घरी शिकवायचं. मे महिन्यात अक्का परीक्षा घेतील. दुसरीत बसण्याइतकं आलं नसेल तर जूनमध्ये माझ्याच शाळेत नाव घालायचं, आणि मग पोट दुखो नाहीतर डोकं. अमरेशनं लगेच हो म्हटलं. त्याला त्या वेळी वर्ष म्हणजे फार मोठं वाटलं असणार.

वर्षभर मी अधूनमधून डोकावत होते, मदतीला नव्हे, चुका काढायला. बघावं तर सिद्धी गठ्ठ्यावर मांडी घालून पाटी मांडीवर घेऊन बसलेली, धाकटा सोमेश रिकाम्या खोक्यात बसून गाडी चालवतोय आणि अमरेश घड्या घालता घालता विचारतोय, "मोरानं काय केलं मग?" वेळापत्रक नाही, घंटा नाही. मधेच तिघं उठून गच्चीवर शेंगा वाळत घालायला जायची. मला बघवत नसे.

"हिला धडा कधी शिकवतोस?" मी एकदा विचारलं.

"मलाच कळत न्हाई गं," तो म्हणाला. "वाचायला कधी शिकली तेही कळलं न्हाई. परवा गाडीवर पुढं बसून बाजारातल्या सगळ्या पाट्या वाचत आली. मी म्हटलं, आयला, ही तर वाचायला लागली की!"

"आणि कंटाळली की?"

"कंटाळू देतो. थोडा वेळ लई किरकिर करते, मग स्वतःच कायतरी काढते. मला मात्र दुपारी डोकं उठतं, खोटं कशाला सांगू. रोज एकदा तरी वाटतं, जावं आणि घालून यावं शाळेत. तेवढ्यात ही कायतरी असं विचारते की मी घडी घालायची विसरतो." मग म्हणाला, "अक्का, मी धंदा आयुष्यभर करणार हाय. ही एवढी लहान किती दिवस ऱ्हाणार?"

मी चहा संपवला आणि निघाले.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मी परीक्षेला गेले. ऊन तापायच्या आधी उरकावं म्हणून लवकर गेले, तरी अमरेश नवा शर्ट घालून दारातच उभा. सिद्धी मात्र मजेत होती. शिवानी भिंतीला टेकून बसली आणि सोमेशला तिनं मांडीवर घट्ट धरून ठेवलं.

वाचन घेतलं. मी मुद्दाम कठीण उतारा नेला होता. तो तिनं वाचला आणि मधेच थांबून म्हणाली, "यातला कोल्हा येडाच हाय की." लेखनात चार चुका, माझ्या वर्गात याहून जास्त असतात. अमरेशचा चेहरा उजळला. मग मी चिंचोक्यांची पिशवी काढली, सत्तावीस चिंचोके फरशीवर ओतले आणि म्हटलं, "मोज आणि पाटीवर लिही."

तिनं भराभर मोजले, दोन ढीग केले, उरलेले बाजूला सारले आणि लिहिलं, २३.

"नीट मोज," मी म्हटलं.

तिनं पुन्हा मोजले. पुन्हा २३. मी अमरेशकडे पाहिलं. त्यानं वाकून पाटी बघितली, चिंचोके बघितले आणि छाती फुगवून म्हणाला, "बरोबर हाय की!"

मला आधी वाटलं, हा चेष्टा करतोय. मग मी ते दोन ढीग मोजले. एकेका ढिगात बारा चिंचोके होते. दोन डझन आणि वर तीन, म्हणून दोनावर तीन. त्याच्या गठ्ठ्यांवर खडूनं असंच लिहिलेलं असतं. पोरगी वर्षभर पाटीवर तेच लिहीत होती आणि हा शहाणा वर्षभर तिला शाबासकी देत होता, कारण त्याचं स्वतःचं सगळं आयुष्य डझनात गेलेलं. त्याच्या डोळ्यांना त्यात काही चुकीचं दिसलंच नव्हतं!

मी दोन बेरजा घातल्या. तिनं दोन्ही डझनात सोडवल्या, बारा झाले की हातचा एक. डझनाच्या हिशेबानं दोन्ही बरोबर. शाळेच्या हिशेबानं दोन्ही चूक.

"शाळेत दहाचा गठ्ठा असतो, अमरेश," मी म्हटलं. "बाराचा नाही."

त्याला हळूहळू उमगलं. तो मटकन गठ्ठ्यावर बसला. "म्हणजे मीच तिला उलटं शिकवलं," म्हणाला. "वर्षभर." शिवानी माझ्याकडे बघत होती, कारण आता बोलायचं मी होतं.

आणि खरं सांगते, मला आनंद झाला. जे मी वर्षभर म्हणत होते ते समोर पाटीवर लिहिलेलं होतं. शिकवणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. जूनमध्ये नाव घालू, महिनाभरात दहाच्या गठ्ठ्यावर आणते तिला, असं मी म्हणणारच होते.

तेवढ्यात सिद्धी माझ्या अगदी जवळ सरकून बसली. "दहाचा पण गठ्ठा असतो?" तिनं विचारलं. तिला वाईट वाटलं नव्हतं, उलट नवीन काहीतरी सापडल्याचा आनंद झाला होता. मी तिला चिंचोक्यांचे दहादहाचे ढीग करून दाखवले. तिनं ते दोनदा मोडले, दोनदा रचले आणि लिहिलं, २७. मग पाटी पुसून माझ्या हातात दिली. "आता तू माझी बेरीज कर, आत्या. डझनाची. दोन डझन सात टॉवेल आणि एक डझन आठ टॉवेल."

लहान मुलीचं मन मोडू नये म्हणून मी पेन्सिल घेतली. सात आणि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. दोन आणि एक तीन, आणि एक चार. चार डझन पाच.

सिद्धी वाकून बघू लागली आणि तिच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पंधरातून बारा गेले तर तीन उरतात. मी पाच लिहिले होते.

आणि माझा हात आपोआप पाटीवर गेला. अख्खा पंजा उत्तरावर.

माझ्या वर्गातली मुलं असंच करतात. मी बाकांमधून चालत गेले की एकेक पंजा पाटीवर पडत जातो. मला वाटायचं, मुलांना सवयच असते ती. या घरात सकाळपासून सिद्धीच्या इतक्या चुका झाल्या, पण प्रत्येक वेळी तिनं पाटी माझ्या नाकासमोर धरली होती. एकदाही हात ठेवला नव्हता.

"आत्या, हात काढ की," ती हसत म्हणाली. "कुटं चुकलं ते बघू दे."

मला हात काढवेना. तिनं माझी बोटं एकेक करून उचलली, पाच पुसला आणि त्या जागी तीन लिहिला. "पंधरात एक डझन लपलेला असतो," तिनं मला समजावलं. "मी पण आधी चुकायची."

अमरेश अजून मान खाली घालून गठ्ठ्यावरच बसला होता. मी शिवानीकडे वळले.

"तुझी पोरगी पास आहे," मी म्हटलं. "अजून एक वर्ष घरी राहू दे. दहाचा हिशेब शिकवायला दर रविवारी मी येईन."

"आणि शाळा, अक्का?" शिवानीनं विचारलं.

"शाळेत आधी मला जरा काम आहे," मी म्हटलं.