चार नंबरचा मीटर

माझ्या दादाला सगळे मास्तर म्हणतात, पण त्याने आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही. तो कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. कापडाचे थर अंथरायचे, खडूने आखायचे आणि कापताना बोटभरसुद्धा वाया जाऊ द्यायचं नाही, हे त्याचं पंचवीस वर्षांचं काम. कारखान्यात याला कला म्हणतात. घरात त्याचा जाच होतो, आणि वहिनी या बाबतीत माझ्या बाजूने साक्ष देईल.

आम्ही वाढलो भाड्याच्या खोल्यांत. एका घरमालकिणीकडे आमच्या पाण्याचा कॉक तिच्या स्वयंपाकघरात होता. आठ वाजले की पाणी बंद, मग कुणाच्या अंगाला साबण असो नाहीतर डोक्याला. एकदा आप्पा, म्हणजे आमचे वडील, साबणाने माखलेले, टॉवेल गुंडाळून तिच्या दारात उभे राहिले आणि "ताई, दोन मग पाणी द्या" म्हणाले. दादा तेव्हा नववीत होता. तो जिन्यात बसून रडला आणि मला म्हणाला, "माझ्या घरात कुणी कुणाला नळ बंद कर म्हणणार नाही."

त्याचं घर व्हायला अठ्ठेचाळिसावं वर्ष उजाडलं. ताबा मिळाला त्या दिवशी त्याने सगळे नळ एकदम सोडले आणि आप्पांचा हात धरून त्यांना एकेका नळापाशी नेलं. आप्पा खुळ्यासारखे हसत होते. त्या दिवशी दादा मला फार आवडला होता, हेही सांगून टाकते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल बरंच वाईट बोलणार आहे.

मग बिलं यायला लागली. गॅसचा मीटर स्वयंपाकघरातच होता. पाण्याचे खाली जिन्यामागे, भिंतीवर ओळीने चार, प्रत्येकावर घराचा नंबर लाल रंगात. दादाचा चार. दादाने कपाटाच्या दाराला आतून एक तक्ता चिकटवला आणि दर रविवारी चष्मा पुसून तो आकडे उतरवून आणू लागला. पाण्याचं पहिलं बिल बघून त्याचं तोंड उतरलं. दोन महिन्यांत चाळीस युनिट! घरात माणसं तीन. समोरच्या तीन नंबरमध्ये औषधांचा दुकानदार, त्याची बायको, आई, दोन पोरं आणि सकाळ-संध्याकाळ फिरणारं कपडे धुण्याचं मशीन. त्याचं बिल वीस युनिटचं. जिन्यात तो हे सहज बोलून गेला आणि दादाच्या डोक्यात किडा शिरला.

दादा आणि वहिनी दोघं नोकरीला. दिवसभर घरी फक्त आप्पा.

दादा आरडाओरडा करणाऱ्यातला नाही. तो गोड बोलून सोलतो. "आप्पा, नळ नीट बंद करत चला हं."

"केला होता रे."

"वाटतं आपल्याला. वय झालं की राहून जातं."

आता हे तो कुणाला म्हणत होता? आप्पा तीस वर्षं बस डेपोत स्टोअरकीपर होते. कुठल्या खणात कोणता बोल्ट आणि किती शिल्लक, हे वही न उघडता सांगायचे. साहेब लोक पैज लावायचे आणि हरायचे. त्या माणसाकडे दुसरी इस्टेट नव्हती. स्मरणशक्ती हीच काय ती कमाई.

आप्पांनी आंघोळीला गरम पाणी घेणं सोडलं. गॅसचं बिल उतरलं. दादा खूश झाला, त्याने तक्त्यावर त्या आकड्याभोवती गोलही काढला. पण चार नंबरचा मीटर काही ऐकेना. बेचाळीस. मग एक्केचाळीस. आप्पा अर्ध्या बादलीवर आले. सदरे दोन-दोन दिवस घालू लागले. दर तासाला उठून नळ तपासू लागले. एक दिवस वहिनीला दिसलं, की घरातल्या प्रत्येक नळाशेजारी भिंतीवर खडूच्या रेघा आहेत, दादाच्याच कापड आखायच्या खडूच्या. नळ बंद केला की एक रेघ, अशी आप्पांची नोंद. पुढचं बिल त्रेचाळीस युनिटचं आलं.

"मीटर खोटं बोलत नाही, आप्पा," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी मला फोन केला. "मला घेऊन जा. माझं डोकं गेलंय बहुतेक. रेघ मारतो आणि नळ उघडाच ठेवतो. पोराला भुर्दंड." दादाने त्यांना अडवलं नाही. हवापालट होईल, म्हणाला. मला त्याचा इतका राग आला, की मी त्याच्या घरचा चहासुद्धा घेतला नाही.

माझ्याकडे आले तरी ते नळापाशी थांबून विचारायचे, "उघडू का?" आणि मग, "बंद झाला का गं, बघ."

दोन महिन्यांनी दादाकडे बिल आलं. चव्वेचाळीस. घरात आप्पा नव्हते.

दादाने स्वतःच्या घराचा मुख्य कॉक बंद केला आणि खाली जाऊन तो मीटरसमोर उभा राहिला. काचेमागचं चक्र फिरत होतं. प्लंबर आला, त्याने दोन कॉक फिरवून बघितले आणि म्हणाला, "रंगवणाऱ्याने तीनचा चार केलाय आणि चारचा तीन. तुम्ही समोरच्यांचं बिल भरताय, ते तुमचं."

औषधवाला बिचारा ओशाळला. बिलांची फाईल घेऊन दारात आला. ती बिलं त्याच्या नावाची, पण पाणी दादाकडचं. वीस, अठरा, सोळा, चौदा. आणि आप्पा माझ्याकडे आल्यानंतरचं, तेरा.

दादा बोटाने कापड मोजणारा माणूस, त्याला हा हिशोब करायला किती वेळ लागणार? चौदातून तेरा गेले, उरलं एक. युनिट म्हणजे हजार लिटर, महिने दोन. आंघोळ, संडास, कपडे, पिणं धरून आप्पा दिवसाला एक बादली पाण्यात राहत होते, आणि तेही दर रविवारी ज्याच्या तक्त्यावर त्यांचा गुन्हा चढत होता, त्याच्या घरात.

फाईल घेऊन तो थेट माझ्याकडे आला. आप्पांच्या पायाशी बसला. त्याने सगळं सांगितलं. नंबर, रंग, प्लंबर. "तुम्ही एकदाही नळ उघडा ठेवला नव्हता, आप्पा. चूक माझी. घरी चला."

आप्पांनी चष्मा लावून एकेक बिल पाहिलं. मग फाईल मिटली आणि दादाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"माझं मन राखायला एवढा खटाटोप कशाला रे," ते म्हणाले. "मीटर कसं खोटं बोलेल?"

दादाने पुन्हा सांगितलं. मीही सांगितलं. आप्पा लहान मुलाची समजूत काढावी तसे मान हलवत राहिले. मग उठून स्वयंपाकघरात गेले आणि बंद असलेला नळ आणखी आवळला.

"बघ रे, बंद आहे ना?"

"बंद आहे, आप्पा," दादा म्हणाला.

आप्पांनी मान डोलावली आणि खात्री करून घ्यायला माझ्याकडे पाहिलं.