दोघांकडून आलेलं

वीसेक वर्षांपूर्वी एटापल्लीकडच्या एका जंगलगावात आम्ही सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या संशोधनासाठी रक्ताचे नमुने घेत होतो. नाव गुप्त राहील असं मी त्या बाईला सांगितलं होतं, म्हणून इथेही लिहीत नाही. चाळिशीची असेल. बोलताना सारखी पदराची कड बोटाला गुंडाळायची. तिची दोन मुलं अंग दुखून दुखून गेली होती. तिचंच रक्त वाईट, असं सासू आणि नवरा म्हणत; नवऱ्यानं दुसरी बायको केली होती.

मी समजावलं, "हा आजार मुलाला आई आणि बाप, दोघांकडून येतो. एकट्या आईकडून नाही."

तिची बोटं थांबली. "दोघाकडूनबी?"

"हो, बाई."

"मंग इतके साल मले काऊन नाई सांगतलं कोनी? सासू तर मरून गेली. आता कोनाले सांगू?"

या तपासणीतून तिला स्वतःला काही मिळणार नाही, हेही मी सांगितलं. तरी तिनं हात पुढं केला.

"घ्या. माही गोष्ट त झाली. कोन्या नव्या सुनेले तरी लवकर सांगा."

शेजारच्याच टोल्यात, म्हणजे पाड्यावर, राहणाऱ्या तिच्या नवऱ्याचाही नमुना हवा होता. आम्ही निरोप धाडला. संध्याकाळपर्यंत तीही आमच्यासोबत वाट पाहत बसली. तो आला नाही.