दिघेसाहेबांचं विमान आणि माझं बोट

विमान मी फाडलेलं नाही. ते फाटलं. या दोन वाक्यांतला फरक आमच्या घरात कुणालाही कळत नाही, म्हणून हा सगळा प्रकार मला लिहून काढावा लागतोय.

माझं कोल्हारला कापडाचं दुकान आहे. मुलगी केतकी पुण्यात नोकरीला. तिथंच तिनं रोहन दिघे नावाचा मुलगा पसंत केला. मुलाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या वडिलांबद्दल. बोलणी करायला या म्हणून मी रीतसर फोन केला, तर हे गृहस्थ म्हणतात, “त्यापेक्षा तुम्हीच रविवारी पुणतांब्याकडे या की! तिथल्या जुन्या धावपट्टीवर आमचा जुन्या विमानांचा मेळावा आहे. मी माझं विमान घेऊन येतोय. तिथंच बोलू.”

(लग्नाची बोलणी धावपट्टीवर! साखरपुडा काय पेट्रोल पंपावर ठेवणार?)

पण ‘माझं विमान’ हे दोन शब्द ऐकले आणि माझी बायको मंगल हुरळली. “अहो, विमानवाली माणसं! तुम्ही सूट घाला. आणि बाबांनी दिलेली अंगठी घाला.” ही अंगठी म्हणजे सुपारीएवढा पुष्कराज. ती घातली की हात खिशात जात नाही. तरी घातली. मंगल पैठणीत, मी सुटात, केतकी साध्या पंजाबी ड्रेसमध्ये (तिला सगळं आधीच माहीत होतं, पण बापाला सांगेल तर शपथ!) आणि गाडी चालवायला मंगलचा भाऊ बबन. हा कर्जतहून मुद्दाम आला होता. मुलीचा मामा म्हणून नव्हे. विमान बघायला.

मला वाटलं होतं, शिर्डीला उतरतात तसली विमानं असतील. जिना असेल, हवाईसुंदरी असेल. तिथं बघतो तर उघड्या माळावर बारकी बारकी रंगीत विमानं रांगेनं उभी, आणि प्रत्येक विमान दोरीनं खुंटीला बांधलेलं!

“दाजी,” बबन म्हणाला, “ही तर आमच्या टॅक्टरपरीस लहान हायत!”

एवढ्यात दिघेसाहेब आले. अर्धी चड्डी, ग्रीसचे हात, डोक्यावर टोपी. मी सुटात घामानं निथळतोय आणि मुलाचा बाप चड्डीत!

“या या भाऊसाहेब! ही सगळी आमच्यासारखी वेडी माणसं. आपापली विमानं घेऊन येतात, एकमेकांची इंजिनं उघडून बघतात, पिठलं-भाकरी खातात आणि उडून जातात.”

“पण विमानं बांधून का ठेवलीत?”

“वाऱ्यानं उडतील ना.”

“मग इंजिन कशाला बसवलंय?”

ते हसले. मी विनोद केला नव्हता.

त्यांचं विमान पिवळं, दोन माणसांचं. पंख दोनमजली, एक वर, एक खाली. “माझ्यापेक्षा वयानं मोठं आहे,” ते लाडानं म्हणाले. “सांगाडा लाकडाचा, आणि पंखांवर हे सगळं कापड.”

आता मला सांगा. कोल्हारच्या बाजारपेठेत माझं अख्खं आयुष्य कापड फाडण्यात गेलं. डोळे मिटून, नुसतं चिमटीत धरून मी कापड ओळखतो. आणि हा चड्डीतला माणूस मला कापड शिकवणार?

“कापड नाही हे,” मी म्हणालो. “पत्रा आहे. पातळ पत्रा.”

“अहो, कापडच. वर रंगाचे थर दिलेत, म्हणून ताठ झालंय.”

मी खालच्या पंखावर टिचकी मारली. ढम्म! “बघा! कापड असं वाजतं होय?”

“बरं,” दिघेसाहेब नमतं घेत म्हणाले. “मी चहा घेऊन येतो.” मंगल, केतकी आणि रोहन आधीच चहाच्या मांडवाकडे गेले होते. मागे उरलो मी आणि बबन. आमच्या घरातलं कुठलंही संकट याच दोघांच्या उरण्यातून सुरू होतं.

“दाजी, मला बी कापडच वाटतंय.”

“तुला काय कळतं?”

“मंग दाबून बघा की.”

दाबलं. बोट आत गेलं. अंगठीसकट!

आत जाताना गेलं, बाहेर मात्र येईना. पुष्कराज आत कशात तरी गुंतून बसला. “वढा, दाजी!” बबन म्हणाला. ओढलं तर भोक मोठं होणार. मग मी फक्त उभा राहिलो, पंखावर सहज हात टेकल्यासारखा. विमानाचा मालक वाटावा असा! लोकांनाही तसंच वाटलं. माझ्याबरोबर फोटो काढायला रांग लागली. एका बाईंनी विचारलं, “तुम्हीच उडवता का हो?” मी मान डोलावली. दुसरं काय करणार? हात तर हलवता येत नव्हता.

मंगल पेढ्यांचा बॉक्स घेऊन आली. “अहो, साहेब येतायत. पेढा द्या त्यांना. हात काढा खाली.”

“निघत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे निघत नाही!”

ती वाकून बघते तोवर दिघेसाहेब आलेच. मी चहा डाव्या हातानं घेतला. पेढा डाव्या हातानं दिला. मुलीच्या होणाऱ्या सासऱ्याला, पहिल्या भेटीत, डाव्या हातानं पेढा! मंगलनं डोळेच मिटले. पण त्या भल्या माणसाचं लक्षच नव्हतं. “चला भाऊसाहेब,” ते म्हणाले, “तुम्हाला एक फेरी मारून आणतो. बसा पुढच्या सीटवर.” आणि भराभरा दोऱ्या सोडायला लागले! त्यांचा एक मित्र इंजिन सुरू करायला विमानाच्या नाकावरच्या पंख्याला हात घालून उभा राहिला.

“नको, मी इथंच बरा आहे,” मी म्हणालो.

“इथंच म्हणजे? विमान निघालं!”

विमान निघालं तर मीही निघणार होतो, बाहेरून, एका बोटावर! मी सगळा जीव एकवटून हात ओढला.

चर्रर्र!

तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखीन. रोज दुकानात ऐकतो. सरळ धाग्यात, हातभर, एका रेषेत फाटलं. आणि देवाशपथ सांगतो, माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, “सुती आहे. माल चांगला आहे.”

दिघेसाहेब फाटलेल्या पंखाकडे बघत होते, केतकी माझ्याकडे बघत होती, आणि बबन दिसत नव्हता. तो माइकवाल्याला सगळं सांगायला गेला होता, हे लगेच कळलं. लाउडस्पीकरवरून घोषणा झाली, “प्रेक्षकांना विनंती आहे, विमानांमध्ये बोटं घालू नयेत. कोल्हारच्या पाहुण्यांनी विशेष सहकार्य करावं!”

कोल्हारचा अर्धा बाजार तिथं आला होता. सगळ्यांनी एकाच वेळी माझ्याकडे मान वळवली!

फाटक्या पंखानं उडता येत नाही म्हणे. त्यामुळे रोहन विमान राखायला थांबला आणि दिघेसाहेब आमच्याबरोबर कोल्हारला मुक्कामाला आले. ते गाडीत पुढं बसले, मी मागं. केतकी खिडकीबाहेर बघत डोळे पुसत होती, आणि तेव्हा मात्र माझा सगळा ताठा उतरला. लग्न मोडलं, असंच मी धरून चाललो.

घरी आल्यावर साहेबांनी बायकोला फोन लावला. हात ग्रीसचे म्हणून स्पीकरवर.

“आज काय मोडलंत?” पलीकडून पहिलाच प्रश्न.

“या वेळी मी नाही गं. व्याह्यांनी.”

‘व्याही’ म्हटल्यावर मंगल स्वयंपाकघरातून पळत बाहेर आली. साहेबांनी सगळी हकीकत सांगितली. टिचकी, बोट, पेढा, काहीही गाळलं नाही. पलीकडून पुढचा प्रश्न आला.

“म्हणजे मुलीचे वडीलपण तुमच्यासारखेच आहेत?”

“थोडे जास्तच.”

“आणि मुलगी अजून हसून-खेळून आहे?”

“आहे की.”

“मग आजच होकार देऊन टाका! अशा माणसाबरोबर नांदायची तिला लहानपणापासून सवय आहे. आपल्याकडे नक्की टिकेल.”

घरात आनंदीआनंद झाला. मंगलनं साखर वाटली, बबननं माझी पाठ थोपटली. आणि मी? मुलीला इंजिनिअर केलं, इंग्रजी शिकवलं, पुण्याला पाठवलं. पण शेवटी तिची सगळ्यात मोठी पात्रता काय ठरली, तर मी!